वजनाची गोळी, चिठ्ठी आणि नोंद

दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईतली दुपार होती. दुकानात वर्दळ नव्हती. ओळखीच्या घरातली एक मुलगी आली आणि मोबाइलवरचा फोटो पुढे करून म्हणाली, "काका, ही गोळी द्या ना, एक बाटली." फोटोत थायरॉइडच्या शंभर मायक्रोग्रॅमच्या गोळ्या होत्या. "कुणाला गं?" असे विचारल्यावर आधी "आईला" असे उत्तर आले, पण तिच्या आईची गोळी पन्नासची आहे आणि ती दर तीन महिन्यांनी माझ्याकडूनच जाते, हे मला पाठ होते. काउंटरवर टेकलेल्या तिच्या हाताची बोटे बारीक थरथरत होती. रक्तदाब मोजायचे यंत्र दुकानात असतेच. तिला स्टुलावर बसवून दंडाला पट्टा बांधला, तेव्हा नाडीचा आकडा 126 दिसला. मग हळूहळू सगळे बाहेर आले. लग्न सात आठवड्यांवर आले होते, थायरॉइडच्या गोळीने महिन्यात पाच किलो उतरतात असे मैत्रिणीने सांगितले होते, आणि गेले तीन आठवडे ती दुसऱ्या दुकानातून आणलेल्या दोन-दोन गोळ्या रोज घेत होती. थायरॉइडचा कसलाही आजार तिला नव्हता. पाच फूट चार इंच उंचीच्या त्या मुलीचे वजन काट्यावर 57 किलो भरले, म्हणजे कमी करण्यासारखे तिच्याकडे मुळात काहीच नव्हते.

मी तालुक्याच्या गावी एकोणतीस वर्षे औषधाचे दुकान चालवतो. वजन उतरवण्यासाठी काहीतरी द्या, ही मागणी त्या सगळ्या वर्षांत ऐकत आलो आहे; फक्त मागितली जाणारी वस्तू बदलत गेली. म्हणूनच या प्रश्नाकडे केवळ लोकांच्या अडाणीपणाचा प्रश्न म्हणून बघणे मला पटत नाही. डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय गोळी घेऊ नये, हे वाक्य आपण इतक्या वेळा छापले आहे की त्याचा अर्थच झिजून गेला आहे. सल्ला म्हणजे कुणाची तरी परवानगी, असे लोकांना वाटते, आणि परवानगी टाळता येते. माझे म्हणणे असे आहे की डॉक्टरांची चिठ्ठी ही परवानगीपेक्षा फार मोठी गोष्ट आहे. ती आधी काही प्रश्न विचारायला लावते आणि नंतर कुणी, काय, केव्हा, किती घेतले याची नोंद मागे ठेवते. वजनाच्या गोळ्यांचा गेल्या नव्वद वर्षांचा इतिहास पाहिला तर माणसे वाचली आहेत ती या नोंदीमुळे, आणि आज आपल्या बाजारात जे चालले आहे त्यात नेमकी हीच नोंद पुसली जात आहे.

प्रश्नांपासून सुरुवात करू. वजन वाढणे हा पुष्कळदा स्वतंत्र आजार नसून दुसऱ्या कशाची तरी खूण असते. थायरॉइड मंदावले असेल, पाळीच्या तक्रारींमागे पीसीओडी हा बीजांडकोशाचा विकार असेल, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी दीर्घकाळ स्टेरॉइड चालू असेल, मानसिक आजारावरचे एखादे औषध भूक वाढवत असेल, तर मूळ कारण तसेच ठेवून वर भूक मारणारी गोळी घेतल्याने आजार फक्त झाकला जातो. उलट त्या मुलीसारखी निरोगी व्यक्ती थायरॉक्सिन, म्हणजे थायरॉइडची गोळी, घेते, तेव्हा शरीराच्या गरजेइतक्या मात्रेत त्याने वजन उतरत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त मात्रेत जे उतरते त्यात चरबीबरोबर स्नायूही असतात. हृदयाचे ठोके वाढतात, काहींमध्ये त्यांची लय बिघडते, आणि हे फार काळ चालले तर हाडे ठिसूळ होतात. हीच गोष्ट लघवीच्या आणि जुलाबाच्या औषधांची. सोनामुखीचे चूर्ण किंवा लघवी वाढवणारी गोळी घेतली की दुसऱ्या दिवशी काटा दीड-दोन किलो कमी दाखवतो आणि घेणाऱ्याला वाटते, गुण आला. गेलेले असते ते पाणी, आणि पाण्याबरोबर पोटॅशियम. पोटॅशियम खाली गेले की आधी पायात गोळे येतात, अशक्तपणा येतो. फारच खाली गेले तर हृदयाचे ठोके चुकू लागतात. चरबी मात्र जागच्या जागी राहते.

आता नोंदीकडे येतो, कारण सगळा भर मला तिथे द्यायचा आहे. 1933 मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी डायनायट्रोफिनॉल हे रसायन वजन कमी करण्यासाठी वापरून पाहिले. पहिल्या महायुद्धात ते दारूगोळ्याच्या कारखान्यांत वापरले जात असे. पेशींमध्ये अन्नापासून तयार होणारी ऊर्जा साठवली जाण्याऐवजी ते तिची सरळ उष्णता करून टाकते, त्यामुळे वजन खरोखर उतरते. पण मात्रा थोडी चुकली की अंगाचा ताप चढत जातो आणि तो उतरवणारा उतारा आजही उपलब्ध नाही. काही वर्षांतच एक लाखाहून अधिक लोकांनी ते घेतले. तरुण स्त्रियांना मोतीबिंदू होऊ लागले, मृत्यू झाले, आणि 1938 च्या कायद्याने ते माणसांनी घेण्यास अयोग्य ठरवले गेले. तरीही हे रसायन संपले नाही. इंटरनेटवरून ते पिवळ्या कॅप्सूलच्या रूपात पुन्हा विकले जाऊ लागले, आणि ब्रिटनमध्ये तरुण मुलामुलींचे बळी गेल्यानंतर 2023 मध्ये त्याला नियंत्रित विषांच्या यादीत घालावे लागले.

सिब्युट्रामिनची कथा आपल्या जास्त जवळची आहे, कारण ते भारतातल्या दुकानांतही रीतसर विकले जात होते. मेंदूतल्या नॉरअॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन या रसायनांवर काम करून ते भूक कमी करायचे, पण त्याबरोबर नाडी आणि रक्तदाब वाढवायचे. वजन कमी झाल्याने हृदयाला होणारा फायदा रक्तदाबाच्या तोट्यापेक्षा मोठा ठरेल, अशी अपेक्षा होती. ती तपासण्यासाठी हृदयविकार किंवा मधुमेह असलेल्या सुमारे 9,800 रुग्णांवर मोठा अभ्यास झाला आणि 2010 मध्ये त्याचा निष्कर्ष आला: हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयामुळे मृत्यू अशा घटना औषध घेणाऱ्यांत 11.4 टक्के आणि न घेणाऱ्यांत 10 टक्के. हा फरक असा आहे की कोणत्याही एका डॉक्टरच्या दवाखान्यात तो कधीच लक्षात आला नसता. हजारो माणसांची नोंद एकत्र ठेवली म्हणून तो दिसला. त्या वर्षी युरोप आणि अमेरिकेतून औषध मागे घेतले गेले, आणि भारत सरकारने 10 फेब्रुवारी 2011 च्या अधिसूचनेने त्यावर बंदी घातली. त्याआधी, 2009 मध्ये, रिमोनाबांट या वजनाच्या दुसऱ्या औषधावर आपल्याकडे बंदी आली होती, कारण ते घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढल्याचे दिसले होते.

बंदीनंतर सिब्युट्रामिनचे काय झाले, हे फार थोड्या लोकांना ठाऊक आहे. ते 'हर्बल' कॅप्सूलमध्ये शिरले. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2007 ते 2016 या काळात भेसळयुक्त म्हणून जाहीर केलेल्या 776 पूरक उत्पादनांचा आढावा 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातली 317 उत्पादने वजन कमी करण्याची होती आणि त्यांपैकी 269 मध्ये लेबलवर न छापलेले सिब्युट्रामिन सापडले. काहींमध्ये फिनॉल्फ्थॅलीन होते. बारावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेटखालच्या शंकुपात्रात ज्याचे दोन थेंब टाकून आपण गुलाबी रंगाची वाट पाहायचो, तेच हे रसायन. ते पूर्वी जुलाबाचे औषध म्हणून वापरात होते आणि कर्करोगाच्या शंकेमुळे वापरातून गेले. अशी कॅप्सूल घेणारा रुग्ण छातीत धडधड घेऊन दवाखान्यात पोहोचतो आणि डॉक्टरांनी विचारल्यावर अगदी प्रामाणिकपणे सांगतो की मी कोणतेच औषध घेत नाही, फक्त हर्बल घेतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला स्वतःलाच ठाऊक नसते, आणि त्याच वेळी तो नैराश्यावरची एखादी गोळी घेत असेल तर दोन्ही मिळून काय होते आहे हे डॉक्टरांनाही कळायला वाव नसतो.

वनस्पतीचे आहे म्हणून निर्धोक आहे, या समजुतीविषयी ब्रुसेल्सचे उदाहरण मी नेहमी सांगतो. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममधल्या त्या शहरात वजन कमी करण्याच्या एका दवाखान्यात चिनी वनस्पतींची भुकटी घातलेल्या कॅप्सूल दिल्या जात होत्या. दोन वनस्पतींची चिनी नावे सारखी असल्यामुळे एकीच्या जागी अॅरिस्टोलोकिया कुळातली दुसरी आली. आपल्याकडे ईश्वरमूळ म्हणतात ती याच कुळातली. त्या भुकटीतल्या आम्लाने शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी केली, अनेकींना डायलिसिसवर जावे लागले, आणि पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोग झाला. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, ती ही की त्या कॅप्सूल डॉक्टरांनीच लिहून दिल्या होत्या. फ्रान्समध्ये 1976 ते 2009 या काळात विकले गेलेले 'मेडिएटर' हे औषधही डॉक्टर लिहून देत होते. मधुमेहाच्या नावाखाली ते भूक मारण्यासाठी वापरले गेले आणि त्याने माणसांच्या हृदयाच्या झडपा खराब केल्या. म्हणजे डॉक्टर असले की धोका संपला, असे मी म्हणत नाही. पण ब्रुसेल्समध्ये मूत्रपिंडतज्ज्ञांच्या लक्षात आले की एकाएकी आजारी पडलेल्या या स्त्रिया एकाच दवाखान्यात गेल्या होत्या, आणि ब्रेस्त शहरातल्या इरेन फ्राशों या फुप्फुसतज्ज्ञ डॉक्टरांनी आपल्या रुग्णांचे जुने कागद चाळून मेडिएटरचा माग काढला. 2021 मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने मेडिएटर बनवणाऱ्या कंपनीला दोषी ठरवले. कागद होते, म्हणून हे शक्य झाले. कुरिअरने आलेली डबी रिकामी झाल्यावर कचऱ्यात जाते, तेव्हा तिच्याबरोबर पुरावाही जातो.

मग आपल्याकडचा कायदा काय म्हणतो? कायदा नाही, ही तक्रार इथे लागू पडत नाही. 1954 च्या औषधे व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याच्या अनुसूचीत ज्या आजारांवरच्या औषधांची जाहिरातच करता येत नाही, त्यांत स्थूलता स्पष्ट शब्दांत नमूद आहे. औषध नियमांच्या 'जे' अनुसूचीतही ती आहे, म्हणजे स्थूलता बरी करतो असा दावा औषधाला करताच येत नाही. सत्तर वर्षांपूर्वी हा कायदा करणाऱ्यांना कळले होते की लठ्ठपणाची लाज वाटणारा माणूस सहज फसतो. असे असताना रस्त्याकडेच्या भिंतीपासून मोबाइलच्या पडद्यापर्यंत 'चरबी वितळवा' च्या जाहिराती कशा दिसतात? उत्तर त्याच कायद्यातल्या औषधाच्या व्याख्येत आहे. शरीराच्या रचनेवर किंवा कार्यावर परिणाम करण्यासाठी असलेली कोणतीही वस्तू त्या व्याख्येत येते, पण 'अन्न वगळून'. या दोन शब्दांनी ठेवलेल्या फटीतून आजचा जवळजवळ सगळा बाजार आत आला आहे. कॅप्सूल तीच, डबी तीच, फक्त परवाना औषधाचा न घेता अन्नाचा घ्यायचा. अन्नपूरक म्हणून विकायला औषधासारख्या रुग्णांवरच्या चाचण्या सादर कराव्या लागत नाहीत. लेबलच्या एका कोपऱ्यात 'औषधी वापरासाठी नाही' असे बारीक अक्षरात छापलेले असते, आणि त्याच डबीच्या दर्शनी बाजूला सपाट पोटाचे चित्र असते.

अन्न सुरक्षा कायदा 2006 चा. त्याच्या कलम 53 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा माझी पहिली मागणी साधी आहे. वजन कमी करण्याचा दावा करणारी, गोळी किंवा कॅप्सूलच्या रूपातली कोणतीही वस्तू, तिचा परवाना कोणताही असो, जाहिरातीच्या बाबतीत औषध मानली जावी, आणि अशा उत्पादनांचे नमुने सिब्युट्रामिन व जुलाबाच्या औषधांसाठी नियमितपणे प्रयोगशाळेत तपासून त्यांचे निकाल उत्पादनाच्या नावासह जाहीर व्हावेत. हिरव्या चहाचा अर्क आणि गार्सिनिया कॅम्बोजिया यांच्याबाबत तर भेसळ नसतानाही यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. गार्सिनिया म्हणजे आपले कोकमच, असे समजून ती घेणारी गिऱ्हाइके मला कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या मंडळींत भेटली आहेत. दोन्ही झाडे एकाच कुळातली आहेत हे खरे, पण जेवणातली चार आमसुले आणि फळाच्या सालीतून काढून दाट केलेल्या अर्काच्या दिवसाला सहा कॅप्सूल यांची तुलना होऊ शकत नाही.

आता या सगळ्यात नवी भर पडली आहे ती खरोखर परिणामकारक औषधांची. सेमाग्लुटाइड मधुमेहासाठी गोळीच्या रूपात भारतात 2022 मध्ये आले. वजनासाठीची साप्ताहिक इंजेक्शने 2025 मध्ये आली. मोठ्या अभ्यासात 68 आठवड्यांत सरासरी जवळजवळ 15 टक्के वजन उतरलेले दिसले. ज्यांना गुडघे, रक्तदाब, मधुमेह यांनी जखडले आहे, त्यांच्यासाठी हा मोठा आधार आहे, आणि त्यांना नावे ठेवणे मला अन्यायाचे वाटते. पण हे औषध कमी मात्रेपासून दर चार आठवड्यांनी पायरी-पायरीने वाढवायचे असते, गोळी उपाशीपोटी अर्धा कप पाण्याबरोबर घेऊन पुढे अर्धा तास चहासुद्धा घ्यायचा नसतो, पित्ताशयाचे खडे आणि स्वादुपिंडाची सूज यांकडे लक्ष ठेवावे लागते, आणि आधीच साखरेसाठी ग्लिमेपिराइड चालू असेल तर तिची मात्रा कमी न केल्यास साखर धोकादायक खाली जाऊ शकते. औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनाचा दोन तृतीयांश भाग परत आल्याचेही त्याच अभ्यासाच्या पुढच्या टप्प्यात दिसले. लग्नापुरते, दोन महिन्यांसाठी, मैत्रिणीच्या इंजेक्शनच्या पेनमधून घेण्याची ही वस्तू नाही.

माझ्या या म्हणण्यावर एक आक्षेप हमखास येतो आणि तो मला गंभीर वाटतो. डॉक्टरांकडे जा असे म्हणणे सोपे आहे, पण कुणाकडे जायचे? हार्मोनचे तज्ज्ञ पुण्यात किंवा कोल्हापुरात. जाण्यायेण्यात एक दिवस, एका दिवसाचा रोज आणि तपासण्यांचे पैसे. गावातल्या डॉक्टरांकडे गेले तर "वजन कमी करा, भात बंद करा" एवढेच ऐकायला मिळते, तेही बाहेर बसलेल्या चार जणांना ऐकू जाईल अशा आवाजात. बाळंतपणानंतर अंग सुटलेल्या बाईला घरात दररोज टोमणे बसतात आणि दवाखान्यातही तेच वाट्याला येतात. मग मध्यरात्री मोबाइलवर कुणी नावगाव न विचारता डबी घरपोच देत असेल, तर ती का घेणार नाही? मी स्वतः औषधविक्रेता आहे, आणि आमच्या धंद्यातही चिठ्ठी न पाहता पट्टी कापून देणारे आहेत, हे मान्य केल्याशिवाय मला पुढे बोलण्याचा अधिकार नाही. त्या मुलीला तीन आठवड्यांच्या गोळ्या कुणीतरी माझ्यासारख्यानेच दिल्या होत्या.

म्हणून दुसरी मागणी केवळ बंदीची नाही. आशाताई घरोघरी जाऊन तिशीपुढच्या प्रत्येकाचा जो तपासणी अर्ज भरतात, त्यात कमरेचा घेर मोजण्याचा रकाना आहे. स्त्रियांसाठी 80 आणि पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही मर्यादा त्यात धरली आहे. म्हणजे मोजपट्टी आजही सरकारच्या हातात आहे आणि ती घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचली आहे. तो आकडा अर्जावर लिहिल्यानंतर पुढे काय होते, हा खरा प्रश्न आहे. साखर आणि रक्तदाबासाठी आरोग्य केंद्रात गोळ्या मिळतात. कमरेच्या घेरासाठी मात्र वेळ ठरवून बसलेले कुणीच नसते. तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातला एक दिवस वजनाच्या तक्रारींसाठी राखून ठेवला, थायरॉइड आणि साखर तिथेच तपासली, आहाराविषयी भाकरी, भात, शेंगदाण्याची चटणी या आपल्या ताटातल्या भाषेत बोलणारी व्यक्ती तिथे बसवली, आणि ज्यांना खरोखर औषधाची गरज आहे त्यांना ते लाज न वाटू देता लिहून दिले, तर रात्रीच्या जाहिरातीकडे वळणारे बरेच जण दिवसाउजेडी तिथे येतील. ज्यांचे वजन योग्य आहे अशांना, म्हणजे त्या मुलीसारख्यांना, कुणीतरी पांढरा कोट घालून सांगायला हवे की तुला उतरवायचे काही नाही. तेच वाक्य काकांनी किंवा आईने सांगून भागत नाही.

त्या दिवशी मी तिला गोळ्या दिल्या नाहीत. तिच्या संमतीने तिच्या आईला फोन केला, आणि संध्याकाळी दोघी डॉक्टरांकडे गेल्या. गोळी बंद झाल्यावर काही आठवड्यांत नाडी जाग्यावर आली, आणि तिचे लग्न ठरल्या तारखेला झाले. पुढे तिने मला उरलेल्या गोळ्यांची बाटली आणून दिली, तेव्हा तिच्यावरचा बॅच क्रमांक मी वहीत उतरवून घेतला.

हे प्रत्येकाला करता येते. औषधाने किंवा पूरक गोळीने त्रास झाल्याची तक्रार रुग्ण स्वतः देशाच्या औषध-दक्षता कार्यक्रमाकडे 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर करू शकतो. त्यासाठी डॉक्टरच हवा असे नाही. वजनाची कोणतीही गोळी घेत असताना छातीत धडधड, डोळ्यांना पिवळेपणा किंवा लघवीला गडद रंग, पायांत गोळे, सतत उलट्या किंवा मनाला एकाएकी आलेली उदासी जाणवली तर ती लगेच थांबवून डॉक्टरांकडे जावे. चिठ्ठीने चालू असलेले औषध असेल तर त्याच डॉक्टरांना आधी फोन करावा. आणि जाताना डबी बरोबर न्यावी, रिकामी झाली असेल तरी. आत काय होते हे शोधायचे झाले, तर तळाशी राहिलेली भुकटी आणि लेबलवरचा क्रमांक एवढेच हाताशी असते.